गिरणी बंद पडते तेव्हा

मंदी आली की माणसे अधिक मरतात, असा आपणा सर्वांचा सहज समज असतो. काम गेले की पगार जातो, पगार गेला की दूध तुटते, औषध लांबणीवर पडते, आणि मग जे व्हायचे ते होते. हा क्रम सांगायला ना अर्थशास्त्र लागते ना वैद्यकशास्त्र. इतिहासाची कागदपत्रे मात्र इतक्या सरळपणे आपल्या बाजूने साक्ष देत नाहीत. विसाव्या शतकातील ज्या महामंदीचे नाव काढले की आजही अर्थमंत्र्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्या मंदीच्या ऐन वर्षांत अमेरिकेतील मृत्युप्रमाण वाढले नाही. उलट ते उतरले. या कोड्याने आम्हाला पुष्कळ दिवस अस्वस्थ केले आहे. ते उलगडू पाहताना ग्रंथांच्या वाटेने आम्ही ऑस्ट्रियातील एका लहानशा गिरणगावापर्यंत जाऊन पोहोचलो, आणि तेथून परतताना वाटेत आपले लालबाग-परळही लागले.

आधी आकडे पाहू. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत अमेरिकेतील दर चार कामकऱ्यांपैकी सुमारे एकजण बेकार झाला. हजारो बँकांनी दारे लावून घेतली. शहरोशहरी मोकळ्या जागांवर पत्र्याच्या आणि खोक्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, मोफत सूपासाठी रांगा लागल्या. याच काळात त्या देशातील सरासरी आयुर्मान १९२९ मधील ५७.१ वर्षांवरून १९३३ मध्ये ६३.३ वर्षांवर गेले. १९२९ च्या आरंभी इन्फ्लूएन्झाची मोठी साथ होती, त्यामुळे त्या वर्षाचा आकडा मुळातच खाली होता. पण ही गोष्ट जमेस धरली तरी वाढ उरतेच. होझे तापिया ग्रानादोस आणि आना दिएझ रू या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये त्या दोन्ही दशकांचा ताळेबंद मांडला, तेव्हा त्यांना दिसले की भरभराटीच्या वर्षांत मृत्युप्रमाण चढते आणि मंदीच्या वर्षांत ते खाली येते. अपवाद आत्महत्यांचा. दर लाख लोकसंख्येमागे सुमारे १४ आत्महत्या होत असत, त्या १९३२ पर्यंत १७ वर गेल्या.

याची कारणेही सांगितली जातात, आणि ती विचार करण्याजोगी आहेत. कारखाने मंदावले की यंत्रात हात सापडणे कमी होते, जादा पाळ्या थांबतात, रस्त्यावरच्या मोटारी आणि आकाशातला धूर कमी होतो. कामाच्या शोधात अनोळखी शहरात दाटीवाटीने राहणाऱ्यांचे लोंढे आटतात, आणि त्यांच्याबरोबर फिरणारे रोगही. शिवाय शुद्ध पाणी, निर्जंतुक दूध, गटारे ही कामे आधीच्या तीस वर्षांत उभी राहिली होती आणि बाजार कोसळला म्हणून नळाचे पाणी काही गढूळ झाले नाही. हे सर्व वाचून एखादा गिरणीमालक मनातल्या मनात सुखावेल, की चला, टाळेबंदीने कामगारांची प्रकृतीच सुधारते! त्याने थोडे थांबावे.

मरण मोजणे सोपे असते, आजार मोजणे कठीण. मृत्यूची नोंद सरकारदप्तरी होते. अंथरुणावर पडून काढलेल्या पंधरवड्याची होत नाही. १९३३ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने मिलबँक स्मारक निधीच्या साहाय्याने दहा ठिकाणी घरोघर फिरून हे न नोंदलेले आजारपण मोजले. या कामामागे एडगर सिडनस्ट्रिकर नावाचे आकडेशास्त्रज्ञ होते; याआधी दक्षिणेकडील सूतगिरण्यांच्या गावांत दारिद्र्य आणि रोग यांचा संबंध त्यांनी वर्षानुवर्षे शोधला होता. या पाहणीत जे दिसले ते डोळ्यांत अंजन घालणारे होते. सर्वांत अधिक आजारपण पिढीजात गरिबांच्या घरी नव्हते. जी कुटुंबे १९२९ मध्ये सुस्थितीत होती आणि १९३२ पर्यंत दरिद्री झाली, त्यांच्या घरी ते होते. गरिबाला गरिबी ठाऊक असते. कोणत्या दुकानी उधार मिळते, कोणत्या दवाखान्यात फी घेत नाहीत, कोणाच्या दारी हात पसरायला लाज वाटू नये, हे त्याने अनुभवाने जाणलेले असते. नव्याने गरीब झालेल्याला यातले काहीच ठाऊक नसते. आजाऱ्यांच्या भेटीला घरोघर जाणाऱ्या कोणाही धर्मगुरूला हा मनुष्य अपरिचित नाही. बैठकीच्या खोलीत तो आपले स्वागत करतो, चहा झालाच पाहिजे म्हणून आग्रह धरतो, आणि आतल्या खोलीत त्याची पत्नी मधुमेहाची गोळी दिवसाआड घेत असते.

आता त्या ऑस्ट्रियन गावाकडे वळू. व्हिएन्ना शहराच्या आग्नेयेस, ग्रामाट-नॉयझीडल या गावाला लागून मारिएनथाल नावाची वसाहत आहे. १८३० मध्ये हेर्मान टोडेस्को यांनी येथे सूतगिरणी काढली आणि तिच्याभोवती कामगारांच्या चाळी, शाळा, दवाखाना असे सर्व गाव वाढले. तेथे काम करणे म्हणजे गिरणीत काम करणे. दुसरा धंदा नव्हता. १९२९ च्या उन्हाळ्यात एकामागून एक खाती बंद होऊ लागली, आणि १९३० च्या फेब्रुवारीत माग थांबले. सुमारे १५०० वस्तीचे संपूर्ण गाव एका हंगामात बेकार झाले.

१९३१ च्या अखेरीस व्हिएन्नाहून काही तरुण संशोधक तेथे गेले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाईझेल ही त्यांतील प्रमुख नावे. लोटे डान्झिंगर तर काही आठवडे गावातच राहिल्या. ही मंडळी समाजवादी विचारांची होती, देवळाशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. परंतु त्यांनी स्वतःला घालून घेतलेला एक नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो: गावात कोणीही केवळ बघ्या म्हणून जायचे नाही, प्रत्येकाने गावाच्या काहीतरी उपयोगी पडायचे. त्यांनी व्हिएन्नात जुने कपडे गोळा केले, ते वाटण्याच्या निमित्ताने ते घराघरांत गेले. डॉक्टरांनी विनामूल्य तपासणी केली. स्त्रियांसाठी शिवणाचे बेतणे शिकवण्याचा वर्ग चालवला. आणि हे करताना त्यांनी जे पाहिले, मोजले, लिहून ठेवले, त्याचे १९३३ मध्ये एक छोटे पुस्तक झाले. लेखक ज्यू असल्याने मुखपृष्ठावर त्यांची नावे छापण्याचेही धैर्य प्रकाशकाला झाले नाही.

काय पाहिले त्यांनी? बेकारभत्ता दर पंधरवड्याला मिळे. गावातील शिक्षकाने मुलांचे मधल्या सुट्टीतले खाणे भत्त्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तपासले. आदल्या दिवशी पुष्कळ मुलांकडे कोरड्या पावाखेरीज काही नसे, काहींकडे तोही नसे. दुसऱ्या दिवशी बहुतेकांचे डबे पूर्ववत भरलेले. साखरेची जागा सॅकरिनने घेतली होती. मांस म्हणजे घोड्याचे, आणि गावातले एखादे मांजर वा कुत्रे नाहीसे झाले तर मालक तक्रार करण्याच्या भानगडीत पडत नसे. भत्त्याचे नियम इतके कडक की थोडेसेही काम केलेले उघडकीस आले तर भत्ता बंद. एकाने चार पैशांसाठी बाजा वाजवला, त्याचा भत्ता गेला. एका बाईने दूध पोहोचवण्याच्या बदल्यात मुलांसाठी थोडे दूध घेतले, तिचा गेला. आणि ठरावीक मुदतीनंतर तो सर्वांचाच संपे.

एवढे कोणीही लिहिले असते. या मंडळींचे वेगळेपण यात की त्यांनी उपासमारीच्या पलीकडे पाहिले. त्यांची अपेक्षा होती की हाताशी वेळ आल्यावर माणसे वाचतील, सभांना जातील, संघटित होतील. झाले उलटेच. कामगारांच्या वाचनालयाने वर्गणी माफ केली, तरीही १९२९ ते १९३१ या दोन वर्षांत पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घसरले. संशोधक एका खिडकीत आडोशाला बसून हमरस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजू लागले. पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश त्या तीनेकशे मीटरच्या वाटेत किमान दोनदा थांबत. न थांबता जाणारा दहांत एखादाच. बायका दीडपट वेगाने चालत, कारण चूल, धुणे, मुले हे त्यांचे काम गिरणीबरोबर बंद पडले नव्हते. बहुतेक पुरुषांनी घड्याळ बाळगणे सोडून दिले होते. दिवसभरात काय केले, हे तासागणिक लिहून द्या असे सांगितले, तर सकाळ नि दुपार यांच्यामधले त्यांना काही आठवेना.

कुटुंबांची त्यांनी चार गटांत विभागणी केली: न खचलेली, निमूटपणे दिवस ढकलणारी, हताश, आणि सर्व सोडून दिलेली. बहुसंख्य दुसऱ्या गटात होती. मग त्यांनी या गटांचे दरडोई मासिक उत्पन्न ताडून पाहिले: ३४ शिलिंग, ३०, २५ आणि १९. मनुष्य खचून हात टाकतो आणि त्याच्या हाती महिन्याला किती शिलिंग येतात, यांत एवढे जवळचे नाते आहे हे पाहून आम्ही ते पान पुन्हा पुन्हा वाचले. धीर, आशा, चिकाटी यांविषयी आम्ही धर्मगुरू व्यासपीठावरून पुष्कळ बोलतो. पंधरा शिलिंगांविषयी क्वचितच. सरकारी मृत्युनोंदीच्या वहीत मात्र यांतले काहीही दिसले नसते.

त्याच १९३१ मध्ये रोममध्येही या संकटाची दखल घेतली गेली होती. श्रमिकांच्या प्रश्नावरील ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ हे पोप अकरावे पायस यांचे विश्वपत्र अनेकांना ठाऊक असते. ते मे महिन्यातले. त्यानंतर २ ऑक्टोबर रोजी त्यांनी ‘नोव्हा इम्पेंदेत’ हे दुसरे, छोटेसे पत्र काढले, ते आज फारसे कोणी वाचत नाही. त्यात सिद्धान्त थोडा आणि घाई अधिक आहे. हिवाळा तोंडावर आला आहे, काम नसलेल्यांची संख्या वाढते आहे, आणि या सर्वांत सर्वाधिक झळ निरागस मुलांना बसते आहे, तेव्हा दयेची मोहीम उघडा, असे ते सांगते. आणि जाता जाता राष्ट्रे शस्त्रास्त्रांवर किती उधळतात याचीही कानउघाडणी करते. थंडीत बेकारांच्या मुलांचे काय होईल हे पोपमहाशयांना आकडेवारीची वाट न पाहता कळले होते.

आकडेवारी हवीच असेल तर ती इंग्लंडात मिळते. स्टॉकटन-ऑन-टीज हे ईशान्येकडील लोखंडाचे आणि जहाजबांधणीचे शहर. १९२७ मध्ये तेथील नगरपालिकेने एका बकाल वस्तीतील १५२ कुटुंबे उचलून माउंट प्लेझंट नावाच्या नव्या, हवेशीर वसाहतीत नेली. हेतू उत्तम होता. पुढील पाच वर्षांत त्या कुटुंबांतील मृत्युप्रमाण जवळजवळ दीडपट झाले. मागे, जुन्या बकाल वस्तीत राहिलेल्यांचे मात्र थोडे उतरले! शहराचे आरोग्याधिकारी डॉ. जॉर्ज मॅकगॉनिगल यांनी नव्या घरांत दोष शोधला, तो सापडला नाही. मग त्यांनी घरखर्चाच्या वह्या मागवल्या. नव्या घराचे भाडे जुन्याच्या जवळजवळ दुप्पट होते, आणि त्या मंदीच्या वर्षांत वरचे भाडे ताटातूनच काढावे लागत होते. मुंबईत झोपडी पाडून त्या जागी मनोरे उभे राहतात तेव्हा देखभालखर्चाच्या महिन्याच्या पावतीकडे पाहताना आम्हाला हमखास स्टॉकटन आठवते.

तर मग मंदीत माणसे मरतात की नाही? याचे सर्वांत भयंकर उत्तर आपल्या डोळ्यांदेखत, १९९० नंतरच्या रशियाने दिले. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, आणि २ जानेवारी १९९२ रोजी बहुतेक वस्तूंच्या किमतींवरील सरकारी बंधन उठले. त्या एका वर्षात भाव सुमारे पंचवीस पटींनी वाढले. आयुष्यभराची बचत वाऱ्यावर उडाली, कारखाने महिनोन्‌महिने पगार देईनासे झाले. रशियन पुरुषाचे सरासरी आयुर्मान १९९० मध्ये सुमारे ६४ वर्षे होते, ते १९९४ मध्ये ५८ च्याही खाली आले. स्त्रियांचे ७४ वरून ७१ वर. युद्ध नाही, दुष्काळ नाही, आणि चार वर्षांत सहा वर्षांचे आयुष्य नाहीसे. मरणारे प्रामुख्याने म्हातारे वा अर्भके नव्हते. ऐन कर्त्या वयाचे, पस्तिशी ते साठीतले पुरुष होते. हृदयविकार, मद्य, अपघात, मारामाऱ्या, आत्महत्या ही कारणे. जोडीला घटसर्प. लशीने जवळपास हद्दपार झालेला हा रोग परत आला आणि १९९० ते १९९८ या काळात पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशांत दीड लाखांहून अधिक लोकांना झाला. सुमारे ५००० दगावले.

सर्वच दोष मंदीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. लसीकरणातील ढिलाई १९८० च्या दशकातच सुरू झाली होती. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरुद्ध मोहीम काढली तेव्हा पुरुषांचे आयुर्मान वाढले होते. मोहीम बारगळल्यावर काही लांबलेली मरणे पुढे येणारच होती. पण अमेरिकेत न घडलेले रशियात का घडले, याचे आम्हाला पटणारे कारण वेगळे आहे. सोव्हिएत कारखाना केवळ पगार देत नसे. बालवाडी, दवाखाना, भोजनगृह, सुट्टीतले विश्रामधाम, घराचा खोलीक्रमांकसुद्धा कारखान्याकडून येई. तो कोसळला तेव्हा मनुष्य आणि मृत्यू यांच्यामध्ये उभे असलेले सर्वच एकदम कोसळले, आणि रिकाम्या जागेत व्होडका तेवढी स्वस्त उरली. डेव्हिड स्टकलर, लॉरेन्स किंग आणि मार्टिन मकी यांनी २००९ मध्ये असे मांडले की पूर्व युरोपात जेथे खासगीकरण घाईने झाले तेथे मरणे अधिक वाढली. आणि जेथे लोक मोठ्या संख्येने कामगार संघटना, चर्च, क्रीडामंडळे अशा कशाचे ना कशाचे सभासद होते, तेथे हा तडाखा पुष्कळ सौम्य होता. त्यांच्या निष्कर्षांवर अर्थशास्त्रज्ञांत वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

रशियाच्या शेजारच्या फिनलंडवर त्याच वेळी मोठी आपत्ती आली. सोव्हिएत बाजारपेठ बुडाली आणि १९९० मध्ये ३ टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी १९९४ पर्यंत १६ टक्क्यांवर गेली. तेथे बेकारभत्ता चालू राहिला, दवाखाने चालू राहिले, आत्महत्या रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आधीच सुरू होता. मृत्युप्रमाण उतरतच राहिले, आणि आत्महत्याही १९९० नंतर घटल्या. सरहद्द एकच, अलीकडे आणि पलीकडे.

मारी याहोडा यांना १९३६ मध्ये ऑस्ट्रियात अटक झाली, पुढच्या वर्षी देश सोडावा लागला. उरलेले दीर्घ आयुष्य त्यांनी इंग्लंड-अमेरिकेत काढले. मारिएनथालचा विषय त्यांना सुटला नाही. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, त्यांनी बेकारीवर आणखी एक पुस्तक लिहिले आणि त्यात मांडले की काम पगाराबरोबर दुसऱ्याही गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसे, सर्वांनी मिळून करण्याजोगे काही, समाजात एक जागा, आणि हातांना चाळा.

योगायोग असा की त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, आणि त्याच्याबरोबर गिरण्याही. हुबर्ट व्हॅन वेर्श यांचा १९९२ मधील ग्रंथ आणि नीरा आडारकर व मीना मेनन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास ही दोन पुस्तके मारिएनथालच्या शेजारी ठेवून वाचावीत. गिरणगावात घड्याळाचे काम भोंगा करीत असे. चाळ उठे, जेवे, निजे ती त्याच्या हाकेवर. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या सड्या कामगारांना दोन वेळचे अन्न खाणावळवाल्या बायका घालीत. तिथला हिशेब पगाराला होई. राज्य विमा योजनेचा दवाखाना होता, पण त्याचा हक्क वर्गणीला बांधलेला. काम सुटून वर्गणी थांबली की काही काळाने दवाखान्याचे दारही बंद. भोंगा, खाणावळ, दवाखाना हे तिन्ही एकाच वेळी गेले. ज्यांना गाव होते ते गावी गेले. ज्यांना नव्हते त्यांच्या घरांतील बायका भांडी घासायला, पोळ्या लाटायला, भाजी विकायला बाहेर पडल्या, आणि मारिएनथालच्या हमरस्त्यावरील बायकांप्रमाणेच पुरुषांहून भराभर चालू लागल्या.

मारिएनथालची हकीगत मात्र तेथे संपत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये, कोविडच्या मंदीत, लोअर ऑस्ट्रिया प्रांताच्या रोजगार खात्याने त्याच ग्रामाट-नॉयझीडलमध्ये एक प्रयोग आरंभला: वर्षाहून अधिक काळ बेकार असलेल्या गावातील प्रत्येकाला, त्याची इच्छा असल्यास, पगारी काम मिळेल. सुतारकाम, बागांची निगा, अशी साधी कामे. ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनी मोजमाप केले आणि त्यासाठी याहोडांचीच जुनी यादी हाती घेतली. दिवसाला आकार आला, माणसे भेटू लागली, समाजातली जागा परत मिळाली. या सर्वांत स्पष्ट सुधारणा दिसली. शारीरिक प्रकृतीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. २०२४ मध्ये प्रयोगाची मुदत संपली. गिरणीच्या काळातील कामगारांच्या सहकारी दुकानाच्या जागी आता एक छोटे संग्रहालय आहे, आणि १९३१ मध्ये ज्या रस्त्यावर माणसांची चाल मोजली तो रस्ता तेथून जवळच आहे.